बेरिल्लुस पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, आणि हा शब्द आला कुठून?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्कृतच्या एका विद्यार्थिनीला खनिजांच्या एका जुन्या लॅटिन यादीचे मराठी करायचे आहे. यादीत एकाच दगडासाठी, म्हणजे बेरिल या रत्नासाठी, कुठे ‘बेरिल्लुस’ आहे, कुठे ‘बेरिल्ली’, आणि एका लॅटिन कवितेत तर तिला ‘बेरिल्लोन’ सापडले. कोशात लिंगापुढे ‘पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी’ असे आहे आणि व्युत्पत्तीपुढे नुसते ‘संस्कृत वैडूर्य’. तिच्या वडिलांची सराफी पेढी आहे. तिथे वैडूर्य म्हणजे लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखी रेघ असलेला खडा, आणि बेरिल म्हणजे ॲक्वामरीन, पाण्याच्या रंगाचा. दोन्हींच्या पुड्या वेगळ्या, भाव वेगळे. मग कोश चुकला की बाबा, असे तिने विचारले आहे.

दोघेही चुकलेले नाहीत. पण कोशातली ती नोंद फार आखडलेली आहे, आणि तिने वगळलेला मधला टप्पाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या भाषेच्या घराण्यातला आहे. मी आधी संस्कृत व्याकरण शिकले आणि गेली सत्तावीस वर्षे लॅटिन शिकवते आहे. दरवर्षी हा शब्द मी एकदा तरी फळ्यावर लिहिते. त्याच्या रूपांकडे नीट पाहिले की तो कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात गेला, हे बरेचसे त्यातूनच कळते. म्हणून आधी रूपे पाहू.

बेरिल्लुस हे दुसऱ्या गणातले नाम आहे. संस्कृतमधल्या अकारान्त ‘देव’ शब्दासारखे समजा. प्रथमा बेरिल्लुस, द्वितीया बेरिल्लुम, षष्ठी बेरिल्ली, चतुर्थी बेरिल्लो. आणि लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी व बरीचशी सप्तमी ज्या एका विभक्तीत गोळा झाली आहे तिचे रूपही बेरिल्लो. अनेकवचनात प्रथमा बेरिल्ली, द्वितीया बेरिल्लोस, षष्ठी बेरिल्लोरुम, उरलेल्या विभक्त्यांना बेरिल्लीस. गोंधळ होतो तो ‘बेरिल्ली’पाशी. हे रूप ‘बेरिलचा’ही आहे आणि ‘अनेक बेरिल’ही. संस्कृतमध्ये ‘देवस्य’ आणि ‘देवाः’ यांच्यात अशी गल्लत होऊच शकत नाही, म्हणून संस्कृतकडून आलेले विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. तोडगा एकच: शेजारचे नाम किंवा क्रियापद बघायचे.

बेरिल्लो या रूपाचे एक छान उदाहरण युवेनालिस या कवीच्या पाचव्या उपरोधिक कवितेत आहे. श्रीमंत यजमानाच्या हातातले पेले ‘बेरिल्लो’ उंचसखल झाले आहेत, म्हणजे त्यांवर बेरिल जडवले आहेत. खडे अनेक, पण शब्द एकवचनी. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपणही मोत्याचा हार म्हणतो, हार एका मोत्याचा नसला तरी.

आता बेरिल्लोन. ही छपाईची चूक नाही. हे ग्रीक द्वितीयेचे रूप आहे आणि ते प्रोपेर्तिउस या रोमन कवीच्या चौथ्या पुस्तकातल्या सातव्या कवितेत येते. कवीची प्रेयसी मेली आहे, चितेवर जळली आहे, आणि रात्री ती त्याच्या उशाशी येऊन उभी राहते. केस तेच, डोळे तेच. पण अंगावरचे वस्त्र एका बाजूने जळालेले, आणि पुढे ही ओळ: ‘एत सोलितुम दिगितो बेरिल्लोन अदेदेरात इग्निस’. म्हणजे, बोटाला सवयीचा झालेला तो बेरिल आगीने कुरतडला होता. ‘अदेदेरात’ हे क्रियापद खाण्याचे आहे, उंदीर कडेकडेने खातो तसे खाण्याचे. इतक्या वर्षांत ही ओळ शिकवताना माझा आवाज दर वेळी थोडा खाली येतो.

पण कवीने सरळ लॅटिन ‘बेरिल्लुम’ का लिहिले नाही? वर्गात मी मुलांना टेबलावर बोटांनी ताल धरायला लावते. हे वृत्त सहा पदांचे. प्रत्येक पद म्हणजे एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण, किंवा त्याऐवजी दोन गुरू. ओळ अशी तुटते: एत्-सो-लि, तुम्-दि-गि, तो-बे, रिल्-लो-न(अ), दे-दे-रा(त), इग्-निस. देवनागरीत ऱ्हस्व ओ दाखवायला सोय नाही, म्हणून सांगते: ‘सोलि’तला आणि ‘ल्लोन’मधला ओ ऱ्हस्व आहे, आणि ‘देदेरात’मधला पहिलाच ‘दे’ दीर्घ आहे, पुढचे दोन स्वर ऱ्हस्व. आता तिथे बेरिल्लुम घाला. लॅटिनमध्ये शेवटचे ‘उम’ पुढच्या शब्दाच्या स्वरासमोर गिळले जाते, म्हणजे ‘बेरिल्लुम अदे…’चे ‘बेरिल्लदे…’ होते. रिल् गुरू, ल लघू, दे गुरू. हा झाला रगण, आणि या वृत्तात रगण कुठेही बसत नाही. ग्रीक ‘ओन’ मात्र गिळला जात नाही. त्याचा न पुढच्या अ ला जाऊन मिळतो आणि भगण पुरा होतो. ग्रीक शब्दांना ग्रीक प्रत्यय लावण्याची रोमन कवींना हौस होतीच. पण इथे त्या प्रत्ययावाचून ओळ उभीच राहिली नसती.

याच ओळीत लिंगाचाही धागा आहे. ‘सोलितुम’ हे बेरिल्लोनचे विशेषण. स्त्रीलिंगी असते तर ‘सोलिताम’ झाले असते, आणि वृत्तात तेही बसले असते. म्हणजे वृत्ताने भाग पाडले नव्हते, तरी कवीने स्त्रीलिंग घेतलेले नाही. पण नुसत्या ‘सोलितुम’वरून पुल्लिंग सिद्ध होत नाही, कारण नपुंसकलिंगी द्वितीयाही अशीच दिसते. पक्का पुरावा प्लिनी या रोमन लेखकाकडे मिळतो. त्याच्या निसर्गविषयक ज्ञानकोशाचे ३७ वे पुस्तक रत्नांचे आहे. तिथे तो म्हणतो, ‘इंदिया एओस गिग्नित, रारो आलिबि रेपेर्तोस’. हिंदुस्थान त्यांना जन्म देतो, इतरत्र ते क्वचितच सापडतात. ‘एओस’ आणि ‘रेपेर्तोस’ ही निःसंशय पुल्लिंगी अनेकवचनी द्वितीया आहे. स्त्रीलिंगी असते तर ‘एआस’, ‘रेपेर्तास’ झाले असते.

मग कोशात ‘किंवा स्त्रीलिंगी’ का? ग्रीकमुळे. ग्रीकमध्ये दगडाला ‘लिथोस’ म्हणतात. साधा दगड असेल तर तो बहुतेक पुल्लिंगी, पण रत्न, लोहचुंबक किंवा कसोटी अशा खास दगडासाठी तोच शब्द स्त्रीलिंगी चालवतात. रत्नांच्या नावामागे हा स्त्रीलिंगी लिथोस गृहीत असतो, त्यामुळे नावे दिसायला पुल्लिंगी आणि चालायला स्त्रीलिंगी. त्यांपैकी बरीच तशीच लॅटिनमध्ये आली: सप्पिरुस, अमेथिस्तुस, तोपाझुस. शेवटी ‘उस’ असूनही त्यांची विशेषणे स्त्रीलिंगी लागतात, आणि नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. लॅटिन व्याकरणकार या नियमाला जे मोजके अपवाद सांगतात त्यांत बेरिल्लुस, स्मारागदुस (म्हणजे पाचू), ओपालुस आणि कार्बुन्कुलुस आहेत, हे पुल्लिंगी. तेव्हा तुम्ही स्वतः लॅटिन लिहीत असाल तर बेरिल्लुस पुल्लिंगीच चालवा. कुणी स्त्रीलिंगी चालवलेला दिसला तर तो ग्रीक वळणाने लिहितो आहे असे समजा.

मागे गृहीत असलेल्या नामाने लिंग ठरणे आपल्याला नवीन नाही. ‘वैदूर्य’ (वैडूर्यचेच दुसरे रूप) मुळात विशेषणच आहे. ‘मणी’ गृहीत धरला तर ‘वैदूर्यः’, ‘रत्न’ गृहीत धरले तर ‘वैदूर्यम्’. मराठीत मात्र हा दुवा तुटला आहे. तो हिरा, ते पोवळे, ती गारगोटी. प्रत्येकाचे लिंग ज्याचे त्याचे.

आता स्वराकडे या. जुन्या हस्तलिखितांत या शब्दाची तीन रूपे दिसतात: बेरुल्लुस, बेरिल्लुस आणि मधले एक, ज्यात ग्रीकांकडून घेतलेले ‘वाय’ हे अक्षर असते. रोमन लिपीत ते अक्षर मुळात नव्हते. ग्रीकमधला तो स्वर म्हणजे ओठ ‘उ’चे आणि जीभ ‘इ’ची. रोमन लोक आधी त्याला सरळ उ लिहीत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात ग्रीक शब्दांसाठी म्हणून त्यांनी ते अक्षर खास मागवून घेतले. शिकलेला रोमन तो स्वर ग्रीकांसारखा उच्चारी. सामान्य माणूस पुढे सरळ इ म्हणू लागला. म्हणून मी देवनागरीत बेरिल्लुस लिहिते, पण इकडून निघताना तिथे उ होता हे विसरू नका. आघातही हलला आहे. ग्रीकमध्ये जोर पहिल्या ‘बे’वर, लॅटिनमध्ये उपान्त्य अवयव गुरू असल्यामुळे तो ‘रिल्’वर सरकला.

निघताना उ होता, असे मी कशावरून म्हणते? इथे तो मधला टप्पा येतो.

पालीमध्ये या रत्नाला ‘वेळुरिय’ म्हणतात. जैन ग्रंथांच्या प्राकृतात ‘वेरुलिय’. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात वैडूर्याला ‘वेरुलिअ’ होते हे सांगायला वेगळे सूत्र केले आहे, कारण नेहमीच्या ध्वनिनियमांनी ते रूप मिळत नाही. ही दोन रूपे शेजारी ठेवून हळू म्हणून पाहा. वे-ळु-रिय: आधी ळ, मग र. वे-रु-लिय: आधी र, मग ल. वर्णांची अदलाबदल झाली आहे. ग्रीक रूप ‘बेरुल्लोस’: आधी र, मग ल. संस्कृत ‘वैडूर्य’मध्ये तर ल नाहीच, आणि ‘वै’ आहे. ग्रीकाच्या कानावर वैडूर्य पडला असता तर त्याने त्याचा बेरुल्लोस केला नसता. त्याने ऐकला तो वेरुलिय, बाजारातला, तोंडी चालणारा शब्द. शेवटच्या ‘लिय’चा ‘ल्य’ होऊन ‘ल्ल’ होणे ही तर आपल्याकडची नेहमीची सरमिसळ. पर्यंकाचा पल्लंक होतो ती याच जातीची.

व चा ब कसा झाला, असेही विचाराल. त्या काळातल्या ग्रीकमध्ये व हा ध्वनी उरलेला नव्हता. मग त्यातल्या त्यात जवळचा ब. वितस्ता नदीला टॉलेमी हा ग्रीक भूगोलकार ‘बिदास्पेस’ लिहितो तो याच कारणाने.

म्हणून कोशातल्या ‘संस्कृत वैडूर्य’ला माझी हरकत आहे. संस्कृत रूप खोटे नाही, पण समुद्रापार गेला तो प्राकृत शब्द. आपल्याकडे चांगले शिकलेले लोकही अशा ठिकाणी अभिमानाने संस्कृतचे नाव घेतात आणि प्राकृत गाळतात. मराठी ज्या भाषांमधून आली त्यांनाच आपण वंशावळीतून वगळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि संस्कृत रूपाचे मूळ तरी किती पक्के आहे? याचे उत्तर आपल्या वैय्याकरणांनीच दिले आहे, आणि ते इतके प्रामाणिक आहे की ते सविस्तर सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

पाणिनीच्या चौथ्या अध्यायात ‘प्रभवति’, म्हणजे ‘तिथून उगम पावते’, या अर्थाचे प्रत्यय सांगितले आहेत. त्यात ‘विदूराञ्ञ्यः’ हे सूत्र येते. विदूर या शब्दाला ‘य’ लावा. प्रत्ययाला ञ् जोडलेला असल्यामुळे आदिवृद्धी होते, वि चा वै होतो, आणि मिळते वैदूर्य. विदूर नावाच्या ठिकाणी उगम पावतो तो वैदूर्य मणी. इथपर्यंत सगळे सरळ.

मग पतंजली महाभाष्यात शंका काढतो. हा मणी विदूरात उगमच पावत नाही! तो वालवाय नावाच्या डोंगरातून निघतो, विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात, म्हणजे घासूनपुसून पैलू पाडतात. मग ‘प्रभवति’ कसे म्हणायचे? यावर तो वाटा सुचवतो. एक, वालवाय शब्दाच्या जागी विदूर हा आदेश समजा. दुसरी, विदूर हेही त्या डोंगराचेच नाव समजा. तिथे कुणी तसे म्हणत नाही, असे कुणी म्हणाले तर? तर व्यापारी जसे वाराणसीला आपसात ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैय्याकरण वालवायाला विदूर म्हणतात.

यात किती गोष्टी आहेत पाहा. खाण एकीकडे, कारागीर दुसरीकडे, आणि मालाला नाव कारागिरांच्या गावाचे, हा बाजाराचा नियम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराला व्याकरणाच्या पुस्तकात नोंदलेला आहे. आपल्या धंद्यातली खास भाषा ही व्यापाऱ्यांच्या भाषेसारखीच असते, हेही पतंजली मोकळेपणाने सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: व्युत्पत्ती वस्तुस्थितीशी जुळत नाही, हे त्याने झाकले नाही.

आजचे अनेक भाषाशास्त्रज्ञ असे मानतात की मूळ शब्द द्राविडी असावा, वेळूर किंवा बेलूर अशा दक्षिणेतल्या गावाच्या नावाशी किंवा ‘वेळ्’ म्हणजे पांढरे, फिके या धातूशी निगडित, आणि ‘विदूर’ हे त्याला चढवलेले संस्कृत रूप. मला हे पटते. ळ आणि ड यांची अदलाबदल आपल्याकडे जुनीच आहे, आणि दगड दक्षिणेतलाच आहे.

दगडाबद्दल आता बोलते. पडियूरच्या बाजूचा, कोइंबतूरकडचा एक कच्चा बेरिल मला एका रत्नपारख्याने हातात दिला होता. करंगळीच्या पेराएवढा. सहा सपाट बाजू, जणू कुणी पट्टी लावून कापल्या. बोट उभे फिरवले तर बारीक रेषा लागत होत्या. कडेला पाण्यासारखा निळसर हिरवा, आणि मधोमध लांबीच्या दिशेने पांढुरकी धुकट वात. भिंगाखाली त्या वातीच्या जागी केसासारख्या पोकळ नळ्या दिसल्या, सगळ्या एकमेकींना समांतर.

घरी येऊन मी प्लिनीचा उतारा पुन्हा वाचला. तो सांगतो, कारागीर बेरिलांना षट्कोनी घडवतात, कारण कोनांवरून उजेड परतल्याशिवाय त्यांचा मंद रंग जागा होत नाही. आणि पुढे जोडतो, ते जन्मतःच कोनांचे असतात असेही काहींना वाटते. त्या काहींचेच बरोबर होते. बेरिलचा स्फटिक षट्कोनीच वाढतो. पुढे तो लिहितो, हिंदुस्थानी लोकांना लांब बेरिल फार आवडतात. ही एकच रत्ने सोन्याच्या कोंदणाविना शोभतात असे ते म्हणतात, म्हणून त्यांना भोक पाडून हत्तीच्या केसात ओवतात. भोक पाडल्याने आतला ‘पांढरेपणाचा गर’ निघून जातो आणि खडा अधिक देखणा होतो. ‘मेदुल्ला’ हा त्याचा शब्द, हाडातल्या मज्जेसाठी वापरतात तोच. मी भिंगातून पाहिलेली वात ती हीच. प्लिनी ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. हिंदुस्थानात तो कधी आला नव्हता. हे त्याला कळले ते दगड हाताळणाऱ्यांकडून.

नोयल नदीकाठच्या कोडुमणलच्या उत्खननात बेरिलच्या मण्यांचे काम सापडले आहे, कोइंबतूरच्या आसपास रोमन नाणी भरपूर निघाली आहेत, आणि टॉलेमी ‘पुन्नाटा’ या गावापुढे मुद्दाम लिहितो की इथे बेरिल मिळतो. तुमच्या वडिलांना प्लिनीचे आणखी एक वाक्य जरूर सांगा: हिंदुस्थानी लोक स्फटिक रंगवून इतर रत्नांची नक्कल करतात, ‘प्राएकिपुए बेरिल्लोस’, विशेषतः बेरिलांची. द्वितीया अनेकवचनाचे उदाहरण म्हणूनही ते पाठ करायला चांगले.

मग लसण्या कुठून आला? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वैडूर्याचे प्रकार रंगावरून दिले आहेत: नीलकमळाचा, शिरीषाच्या फुलाचा, पाण्याचा, बांबूच्या पानाचा, पोपटाच्या पिसाचा, वगैरे. यातला ‘उदकवर्ण’ म्हणजे आजचा ॲक्वामरीन, आणि त्या नावाचा अर्थही समुद्राचे पाणीच. प्लिनीही म्हणतो, स्वच्छ समुद्राची हिरवाई दाखवतील ते बेरिल उत्तम. पुढच्या काळातल्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत बांबूचे पान आणि मोराचा कंठ यांच्या जोडीला मांजराचा डोळा येतो, आणि हळूहळू तोच वैडूर्याची ओळख होऊन बसतो. हे उगीच झाले नाही. मघाशी सांगितलेल्या समांतर नळ्या दाट असतील आणि खडा घुमटासारखा घासला, तर बेरिलमध्येही उजेडाची ती सरकती रेघ उमटते. पण सगळ्यात लखलखीत रेघ उमटते ती वेगळ्या खनिजात, क्रिसोबेरिलमध्ये. नवरत्नांत केतूचा म्हणून बसवतात तो लसण्या हाच.

गंमत अशी की ‘क्रिसोबेरिल्लुस’ हा शब्दही प्लिनीत आहे, पण तिथे त्याचा अर्थ सोनेरी झाक असलेला बेरिल एवढाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस खनिजशास्त्रज्ञांनी ते नाव एका निराळ्या खनिजाला दिले. बेरिल आणि क्रिसोबेरिल दोघांतही बेरिलियम आणि ॲल्युमिनियम आहे, पण क्रिसोबेरिलमध्ये सिलिका नाही, आणि तो जास्त कठीण आहे. याउलट पाचू आणि ॲक्वामरीन ही दोन वेगळी रत्ने मानली जातात, पण खनिज एकच, बेरिल. प्लिनीने लिहून ठेवले होते की बेरिल आणि स्मारागदुस यांचा स्वभाव एकच असे अनेकांना वाटते. १७९८ मध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोन्हींतून एकच नवे द्रव्य वेगळे करून ते सिद्ध केले. त्या मूलद्रव्याचे नाव आज बेरिलियम आहे. वेरुलियचा र आणि ल त्यात अजून आपापल्या जागी आहेत.

रत्नांची नावे एकाच दिशेने गेली असेही नाही. लॅटिन ओपालुस हा आपल्या ‘उपल’वरून, म्हणजे साध्या दगडावाचक शब्दावरून गेला. उलट संस्कृत ‘मरकत’ हा ग्रीक ‘स्मारागदोस’च्या घराण्यातून इकडे आला, आणि त्याच्याही मागे ‘चकाकणे’ अर्थाचा सेमिटिक धातू आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मध्ययुगात बेरिल्लुस शब्दाचा अर्थ सैलावला. कोणताही पारदर्शक स्फटिक, पुढे घासलेले भिंग, बेरिल्लुस म्हटले जाऊ लागले. निकोलस ऑफ कुसाने १४५८ मध्ये ‘दे बेरिल्लो’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला, तो या भिंगाच्या रूपकावर उभा आहे. ‘दे’ या शब्दयोगी अव्ययानंतर बेरिल्लो, नियमाप्रमाणे. चष्म्याला जर्मनमध्ये आजही ‘ब्रिले’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. त्यात सामान्य रोमन माणसाचा इ टिकला आहे.

दुसरी शाखा पूर्वेकडून गेली. अरबी-फारसीत स्फटिकाला ‘बल्लूर’, ‘बिल्लौर’. तिथे आधी ल, मग र, म्हणजे पालीतल्या वेळुरियचा क्रम, आणि उही शाबूत. म्हणून ती शाखा ग्रीकांच्या वाटेने न जाता इराणमार्गे गेली असावी असे माझे मत आहे. तिच्यातूनच आपला ‘बिलोरी’ आला. बिलोरी आरसा, बिलोरी बांगड्या, बिलोरी हंड्या. सराफाच्या दुकानात लसण्याला वैडूर्य म्हणणारा माणूस समोरच्या आरशाला बिलोरी म्हणतो तेव्हा तो एकाच शब्दाची दोन रूपे बोलत असतो.

आता तुमच्या यादीपुरते. ‘फ्रुस्तुम बेरिल्ली’ असे असेल तर ‘बेरिलचा तुकडा’, कारण शेजारी नाम आहे आणि बेरिल्ली षष्ठी आहे. ‘बेरिल्ली त्रेस’ असेल तर ‘तीन बेरिल’. संख्या अनेकवचन सांगते आहे. नुसतेच ‘बेरिल्ली’ आणि पुढे काही नसेल तर तो बहुधा गटाचा मथळा, म्हणून अनेकवचन धरा. विशेषण पुल्लिंगी सापडले तर दुरुस्त करू नका, स्त्रीलिंगी सापडले तरी करू नका. लेखकाचे वळण म्हणून तळटीप द्या. मराठी रकान्यात वैडूर्य लिहू नका, बेरिल लिहा, नाहीतर वाचणारा सराफ लसण्याची पुडी उघडेल. क्रिसोबेरिल्लुस आला तर मात्र आधी यादीचे साल बघा. अठराव्या शतकाच्या अखेरच्या आधीची असेल तर ‘सोनेरी बेरिल’, नंतरची असेल तर ‘क्रिसोबेरिल’, आणि तिथे लसण्या लिहायचा की नाही हे वडिलांना खडा वर्णनावरून ओळखायला सांगून ठरवा.